पडद्यापलीकडची ताई

सहाय्यिकेनं सरांची खुर्ची दाराबाहेर ओढायला घेतली, तर सरांनी खुर्चीची पाठ घट्ट धरून ठेवली.

"सर, पत्त्यावरची आकृती बघणारा माणूस या खोलीत नको. कितीदा सांगू?"

"मध्ये पडदा आहे की!"

"पडद्यानं दिसत नाही. ऐकू येतंच."

पडद्यापलीकडे सरांची थोरली बहीण निवांत विणत बसली होती. सर पत्ता उचलायचे आणि त्यावरची आकृती ताई न बघता सांगायच्या, बहुतेकदा बरोबर. तेवढ्यावर सर शोधनिबंध छापायला निघाले होते, सहाय्यिकेच्या नावासकट. तिची नोकरी अजून कच्ची. असल्या निबंधाखाली नाव आलं, की पुढे तिला कुणी दारातही उभं केलं नसतं. ताई चुकल्या की सर म्हणायचे, "तो सराव होता, धरू नकोस." बरोबर आलं की तो प्रयोग! तिच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

अखेर सर कुरकुरत शेजारच्या खोलीत गेले. तिथे पत्ता उचलला की ते खुणेचा दिवा लावत, इकडे ताई उत्तर देत. जुळलं ते कुणाचंही जुळेल इतपतच.

सर तणतणत परत आले.

"बघितलंस? तुझ्या संशयानं तिची शक्तीच आटली!"

"बंड्या, त्या पोरीवर कशाला डाफरतोस?" पडद्यामागून ताई म्हणाल्या. "तू इथे नसताना मी काय सांगणार, कपाळ?"

"म्हणजे?"

"मी आधी एकेक आकृती पुटपुटते. चुकीची असली की तुझा श्वास अडकतो. बरोबर आली की सुटतो. लपंडावातही असाच सापडायचास."

"ताई, अगं, ही फसवणूक झाली!"

"कसली फसवणूक? मनातलं ओळख म्हणालास. ओळखलं."

सहाय्यिकेला हायसं वाटलं, आणि संतापही आला. इतके महिने पत्ते बदलले, पिसायला यंत्र आणलं. ताईंना मात्र कुणी साधं विचारलं नव्हतं.

सर टेबलावरचे पत्ते गोळा करू लागले.

"बंड्या," पलीकडून आवाज आला, "डोळे पूस आधी."

सहाय्यिकेनं वळून पाहिलं, सरांचे डोळे खरंच भरले होते. मग दाराशी अडकलेली सरांची खुर्ची तिनं आत ओढली आणि पडद्यापलीकडे, ताईंच्या शेजारी नेऊन ठेवली.