आमेन बसून म्हणावं

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास, चर्चची सेवा पाहणारे डीकन एल्मोर टिलमन यांच्या गवत कापायच्या गाडीने प्राण सोडला. तोही चर्चच्या आवारात, कबरस्तानाच्या फाटकापाशी. म्हणजे जागा तरी तिने बघून निवडली होती.

दुसऱ्या दिवशी होमकमिंग, म्हणजे चर्चचा वार्षिक मेळावा. डेट्रॉइट-शिकागोला पांगलेली निम्मी मंडळी अलाबामात परतणार, झाडाखाली टेबलं लागणार, आणि कोंबडीला हात लावण्याआधी जो तो आपापल्या माणसांच्या थडग्यांपाशी जाऊन उभा राहणार. थडग्यांचे नुसते माथे दिसत होते, एवढं गवत माजलेलं.

ट्रस्टी हार्वेल बॉयकिन यांनी बैठकीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "शनिवारी बारापर्यंत कबरस्तान साफ दिसलं नाही, तर मी माझी गाडी आणणार. आणि यापुढे हे काम माझंच." त्यांची गाडी नवी कोरी, जागच्या जागी गिरकी घेणारी.

सत्तावीस वर्षं ते गवत एल्मोरच कापत आले होते. मान बिन काही नव्हता त्यात. पण त्यांची बायको व्हर्लीन चार वर्षांपासून तिसऱ्या रांगेत विसावली होती, आणि दर शनिवारी तिच्याभोवती गाडी फिरवताना एल्मोर तिला घरादाराची बित्तंबातमी सांगत. इंजिनाच्या धडधडाटात दुसऱ्या कुणाला ऐकू जात नसे. काम गेलं तर फुलं घेऊन, पाहुण्यासारखं यायचं. फुलं हातात धरून काय बोलतो माणूस?

चावी फिरवली. काही नाही. झाकण उघडून पाहिलं, तर बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी चढलेली. सोड्याच्या पाण्याने ती घासली, वायरी आवळल्या. आता देवाचं नाव घेऊन चावी फिरवायची, एवढंच उरलं होतं.

आणि देवाचं नाव जवळच होतं. चर्चच्या उघड्या खिडक्यांतून रेव्हरंड गेन्स यांची उद्याच्या प्रवचनाची तालीम ऐकू येत होती. त्यांचं प्रवचन आधी पायी चालायचं, मग हळूहळू सूर धरायचं, आणि मग दर ओळीला 'हा!' करून श्वास घेत असं गाऊ लागायचं की बाकं थरथरत. आज विषय होता बायबलातल्या सुक्या हाडांच्या खोऱ्याचा. हाडाला हाड येऊन जुळतं आणि मेलेली फौज उभी राहते. एल्मोरनी हिशेब केला. हाडं उठतात, तर एका सिलिंडरच्या इंजिनाची काय कथा? सूर टिपेला पोचला की त्याच क्षणी चावी फिरवायची!

सूर चढला. "हा!"

"येस, लॉर्ड!" म्हणत एल्मोरनी चावी फिरवली. खट्ट सुद्धा नाही.

मग त्यांनी प्लग काढून घासला. सूर चढला, चावी फिरली, शांतता. हवेचा फिल्टर उघडला, तर त्यात उंदराचा संसार. तो सन्मानाने फाटकाबाहेर पोचवला. सूर, चावी, शांतता. टाकीतलं शिळं पेट्रोल उपसून ताजं भरलं. पुन्हा तेच. सव्वाअकरा वाजले.

पेकानच्या झाडाखाली मदर ओझेला क्रम्प शेंगा सोलत बसल्या होत्या. वय शहाऐंशी, चर्चमधल्या सगळ्यांत थोरल्या. रेव्हरंडनासुद्धा 'लवकर आटप, बटाटे करपतात' म्हणायचा अधिकार त्यांच्याकडे होता.

"एल्मोर, किती वेळ चाललंय रे हे?"

"सैतान शिरलाय हिच्यात, मदर."

"सैतानाला दुसरी कामं आहेत. पुन्हा कर बघू, मी बघते."

आत रेव्हरंडनी हाडं गोळा केली. मांडीचं हाड गुडघ्याला भिडलं, सूर उचलला गेला. एल्मोरनी चावी धरली, आणि "हा!" होताच एक हात आकाशाकडे टाकून ते ताडकन उठले. चावी फिरली. शांतता.

मदरनी शेंगांचं घमेलं खाली ठेवलं. "तू उठतोस कशाला?"

"कुठे उठतो मी?"

"तीस वर्षं दुसऱ्या बाकावर तुझ्या मागे बसतेय. तो गायला लागला की मला येशू दिसायच्या आधी तुझं बूड दिसतं."

एल्मोरनी खाली पाहिलं. सीट रिकामी होती. पाय ब्रेकवरून सुटलेला. ही गाडी बसल्याशिवाय, पाय दाबल्याशिवाय सुरूच होत नाही, हे त्यांनीच हार्वेलला दहादा शिकवलं होतं.

"अगाई गं..."

"देवाने तासाभरापूर्वीच तुझं ऐकलंय, वेड्या. तूच जागेवर नव्हतास!"

"बसतो, मदर. पण सूर लागला की..."

"की तू पुन्हा उठणार. माहीत आहे मला." मदरनी कमरेचा एप्रन सोडला, एल्मोरच्या पोटावरून घेतला आणि सीटच्या पाठीला करकचून गाठ मारली. "आता म्हण आमेन. बसून."

सूर चढला. एल्मोर उसळले, एप्रनने त्यांना परत आपटलं, चावी फिरली, आणि गाडी खोकली, शिंकली, धडधडू लागली. आत रेव्हरंड आणखी जोरात गाऊ लागले. त्यांना वाटलं, हाडं उठली.

पावणेबारालाच हार्वेल आपली नवी गाडी ट्रकवर लादून हजर झाले. पाहतात तर दोन रांगा साफ.

"मदर, त्यांना बांधलंय का?"

"हो. ज्याला प्रवचन कळतं त्याला बांधावं लागतं. तू सुटाच बरा. ती टेबलं उचल."

हार्वेल टेबलं उचलू लागले.

एल्मोर तिसऱ्या रांगेत वळले. व्हर्लीनच्या दगडापाशी आल्यावर सवयीने टोपी काढून उठायला गेले, आणि एप्रनने पुन्हा खाली खेचलं.

"माफ कर गं," इंजिनाच्या आवाजात ते म्हणाले, "आज बसूनच. का, ते सांगतो. पण हसायचं नाही हं..."