न बिघडलेल्या कॅमेऱ्याची कैफियत

मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे, मित्रांनो, आणि मी बिघडलेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेली काही वर्षे मी हे एकच वाक्य जिवाच्या आकांताने ओरडत आलो आहे आणि ते कुणाच्याही कानापर्यंत पोचलेले नाही. बनवणाऱ्यांनी मला डोळा दिला, तोंड दिले नाही. तोंड असते तर ही कैफियत मांडण्याची वेळच आली नसती.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माणसे हातमोजे घालून आणि डोक्याला टोप्या बांधून काम करत. शिंकसुद्धा बाहेर जाऊन द्यायची, असा तिथला नियम. त्यांनी माझ्या पोटात आरसा बसवला, त्यामागे शटर बसवले आणि सगळ्यात शेवटी, मागच्या बाजूला, बघायच्या खिडकीशेजारी एक छोटेसे दातेरी चाक बसवले. ते शर्टाच्या बटणाएवढेही नाही आणि खिडकीभोवतीच्या रबराखाली अर्धे लपलेले असते. हे चाक फोटोसाठी नाही, बघणाऱ्यासाठी आहे. कुणाची नजर अधू असते, कुणाची चांगली असते. ज्याची जशी नजर, तसे चाक फिरवायचे, की आतले चित्र स्वच्छ दिसते. फोटोला त्याने काडीचाही फरक पडत नाही. माझ्या सगळ्या दुर्दैवाचे मूळ एवढ्याशा चाकात आहे, हे लक्षात ठेवा.

माझे पहिले मालक शाळाशाळांतून मुलांचे फोटो काढत. मुले त्यांना फोटोकाका म्हणत. काकांचा चष्मा बाटलीच्या बुडासारखा जाड होता. फोटो काढताना ते चष्मा कपाळावर सरकवत, मला डोळ्याला लावत आणि दरडावून म्हणत, "कुणीही हसायचं नाही!" की सगळा वर्ग खो खो हसायचा. तेवढ्यात माझे शटर वाजायचे. मुख्याध्यापकबाई म्हणायच्या, "तुमच्या फोटोत आमची मुलं खरंच मुलांसारखी दिसतात." काका मला थोपटून म्हणायचे, "यानं मला कधी दगा दिला नाही." ते ऐकून माझी छाती फुगायची. कॅमेऱ्याला छाती नसते, पण मला होती.

काकांचा नंबर वाढत गेला, तसे ते माझे चाक फिरवत गेले. शेवटी चाक एका टोकाला जाऊन थांबले. आणि एक दिवस डॉक्टरांनी काकांना सांगितले की आता पुरे. काकांनी मला पुसले, पेटीत ठेवले आणि खूप वेळ झाकण लावलेच नाही. पुढे त्यांच्या मुलाने घरातली अडगळ काढली, तेव्हा मीही तिच्यात निघालो. काकांची नजर काकांकडे घरी राहिली. तिचा नंबर मात्र माझ्या चाकावर तसाच राहिला, आणि जाताना तो कुणी मागे फिरवला नाही.

मी एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात येऊन पडलो. दुकानदाराला मोबाइलमधले सगळे कळायचे आणि कॅमेऱ्यातले काही नाही. त्याने माझी बॅटरी काढून एका खणात टाकली, तिथे चार्जरच्या वायरींचा गुंता होता. मला वरच्या फळीवर मांडले. शेजारी एक चकचकीत चंदेरी कॅमेरा होता, लांबलचक झूमवाला. दिसायला राजबिंडा, पण आधीच्या घरी त्याला ओल आलेल्या भिंतीलगतच्या कपाटात वर्षभर कोंबले होते आणि त्याच्या भिंगात बुरशी धरली होती. बिचारा माझ्याशी फार बोलत नसे.

आता माझे हाल ऐका. माझ्या खिडकीतून बघायला बॅटरी लागत नाही, ते सगळे आरशाचे काम. त्यामुळे येणारे गिऱ्हाईक मला उचलायचे, डोळ्याला लावायचे, तोंड वाकडे करायचे आणि म्हणायचे, "आतून धूसर आहे हो." की मी पुन्हा फळीवर. एकदा कॉलेजातली पोरे आली. एकाने माझ्यातून पाहिले आणि ओरडला, "अरे, आजोबांचा चष्मा लावल्यासारखं दिसतंय!" मित्रांनो, इतके अचूक निदान आजवर कुणीही केले नव्हते! मी मनात हात जोडले. चाक फिरव रे राजा, एकदाच फिरव. पण पोरे हसली आणि निघून गेली.

एक दिवस दुकानदार फोनवर कुणाला तरी म्हणाला, "एक आहे पडलेला. या महिन्यात नाही गेला तर खोलतो आणि शटर देतो तुम्हाला. बाकीचं भंगारात." हे त्याने चहाचा घोट घेता घेता सांगितले. त्या दिवसापासून त्याने स्क्रूड्रायव्हर हातात घेतला, की मी माझे उरलेले दिवस मोजू लागायचो.

आणि तशात ती आली. शिंप्याच्या दुकानात काजे-बटणे आणि हातशिलाई करणारी मुलगी. बोटाला सुई टोचल्याच्या खुणा होत्या. घरात सगळे तिला धाकटी म्हणत. सोबत तिच्या ताईचे यजमान, म्हणजे तिचे भावोजी होते. हे गृहस्थ जगातल्या प्रत्येक विषयावर बोलत. जवळच्या स्टुडिओवाल्या बाईंनी धाकटीला शब्द दिला होता, की स्वतःचा कॅमेरा घे, चार बरे फोटो काढून दाखव, मग मदतीला ठेवून घेते. धाकटीला आयुष्यात दुसरे काही नको होते. आणि नवा कॅमेरा तर ऐपतीत बसणारा नव्हता.

भावोजींनी चंदेरीवर झडप घातली. "हा घे. झूम बघ केवढा! चंद्रावरचे खड्डे दिसतील."

"मला चंद्राचे फोटो नाही काढायचे भावोजी," ती म्हणाली. तिने मला उचलले आणि डोळ्याला लावले. तिच्या कपाळावर आठी आली. माझा जीव टांगणीला लागला. पण तिने मला खाली ठेवले नाही. दुकानदाराला म्हणाली, "दोन्हींत बॅटरी घालून एकेक फोटो काढून बघू का?"

मित्रांनो, इतक्या वर्षांत हा साधा प्रश्न कुणी विचारला नव्हता! दुकानदाराने कुरकुर केली, गुंत्यातून माझी बॅटरी शोधली, चार्जिंगला लावली. भावोजी घड्याळ बघत बसले. मला मात्र घाम फुटला होता. इतके दिवस आरसा हलला नव्हता. आता हललाच नाही तर? तिने बटण दाबले. काहीच झाले नाही. पुन्हा दाबले. आणि खाड्कन माझा आरसा उडाला.

आधी तिने चंदेरीने काढलेला फोटो पाहिला. दुकानदाराच्या चेहऱ्यावर धुके पसरले होते. मग माझा पाहिला. त्यात त्याच्या मिशीचा केसन्‌केस मोजता येत होता.

"फोटो इतका स्वच्छ येतो, मग आत धूसर का दिसतं?" तिने विचारले.

मी श्वास रोखला. दुकानदाराला उत्तर माहीत नव्हते, पण गिऱ्हाईक सोडायचे नव्हते. तो म्हणाला, "आतून असंच दिसतं. फोटोग्राफर लोकांना सवय असते."

भावोजी मागे कसे राहतील? "हो, हो, असंच असतं. तुला सांगणारच होतो मी."

तिने याआधी कुठल्याच कॅमेऱ्यातून पाहिले नव्हते. तिने विश्वास ठेवला. महिन्याच्या आत नापसंत पडला तर परत घेईन, असे दुकानदाराकडून कबूल करून घेऊन ती मला घरी घेऊन आली. मी सुटलो असे तुम्हाला वाटेल. छे! आगीतून निघालो आणि फुफाट्यात पडलो.

माझ्या पाठीवर छोटा पडदा आहे, पण फोटो काढून झाल्यावरच तो त्यात दिसतो. काढताना डोळाच लावावा लागतो. धाकटी त्या धूसर खिडकीतून सवय व्हायची वाट बघत राहिली. ताईच्या मुलांचे, भाजीवाल्याचे, जिन्यातल्या शेजाऱ्यांचे फोटो काढत राहिली. भिंगाचा नेम मी माझा मी धरत होतो, त्यामुळे फोटो स्वच्छ येत. पण समोरच्याने डोळे मिटलेत की उघडलेत, हसू आले की गेले, हे तिला दिसतच नव्हते. एकाचे डोके कापले जाई, दुसऱ्याचे तोंड जांभईत उघडे. संध्याकाळी तिचे डोके ठणकायचे. विचारायला कुणाकडे जावे, तर लाज वाटायची. सगळ्यांना सवय होते आणि मला होत नाही, मग खोट माझ्यातच, असे तिने धरले. आणि तिच्या बोटापासून बोटभर अंतरावर ते चाक होते! मी रोज आक्रोश करायचो. थोडे उजवीकडे सरक गं बाई, फक्त थोडे!

तिने फोटो बाईंना नेऊन दाखवले. बाईंनी ते नीट पाहिले आणि म्हणाल्या, "स्वच्छ आहेत गं. पण काढताना तू समोर बघितलंच नाहीस." बाईंनी आणखी एक संधी देऊ केली होती, या आठवड्यात फोटो नाही आवडले तर त्या दुसरीला घेणार होत्या.

मग ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला गेली. तिथला माणूस म्हणाला, "तुमचे डोळे ठणठणीत आहेत. उगाच काळजी करू नका." ही खरे तर चांगली बातमी. माझ्यासाठी ती फाशीची शिक्षा होती. कारण डोळे चांगले असतील, तर बिघाड कॅमेऱ्यातच!

ताई म्हणाली, "परत देऊन टाक त्याला. शिवणकाम काय वाईट आहे?"

धाकटी रडली नाही. नुसते "बरं" म्हणाली. तिच्या त्या "बरं" इतके वाईट मी काही ऐकलेले नाही. माझ्या डोळ्यासमोर तो स्क्रूड्रायव्हर नाचू लागला. पण खरे सांगतो, त्या घडीला मला माझ्यापेक्षा तिचे जास्त वाईट वाटले. मी तिला चांगले फोटो देऊ शकत होतो. तिला चांगले बघता येत होते. आणि आम्ही दोघेही फुकट चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला परत न्यायचे ठरले. निघण्याआधी ती खिडकीजवळ बसून मला पुसू लागली. ताई समोर दोरीवर कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "परतच करायचाय, तर कशाला घासत बसलीस?"

"आपल्या घरातून मळका नको जायला."

तिने अस्तराचा मऊ तुकडा हेअरपिनला गुंडाळला आणि माझ्या रबराखालची धूळ काढू लागली. काकांच्या वेळेपासूनची धूळ होती ती. पिन चाकाच्या दातांना लागली. टक. आणखी एकदा टक. मित्रांनो, मी थिजलो. ती अजून पुसत होती आणि चाक फिरत होते! काच स्वच्छ निघाली का, हे बघायला तिने मला डोळ्याला लावले आणि दचकली.

"भिंग मळलं होतं वाटतं," असे पुटपुटून ती दुप्पट जोमाने घासायला लागली. उलट दिशेने! चाक टकटक करत पुन्हा काकांच्या नंबरावर जाऊन बसले. तिने परत पाहिले. सगळे पूर्वीसारखे धूसर. तिने मला मांडीवर टाकले, आणि माझी उरलीसुरली आशा संपली.

तिने ती पिन उजेडात धरून पाहिली. मग हळूच म्हणाली, "घासलं तेव्हा दिसलं. परत घासलं तेव्हा गेलं. मळ असता तर परत कसा आला असता?" तिने रबर बाजूला सारले. चाक दिसले. काजे करणाऱ्या मुलीची नखे बारीक कामाला सरावलेली असतात. तिने एक दात सरकवला आणि पाहिले. मग आणखी एक सरकवला.

"ताई, तुझ्या दातात चिमटा आहे."

"मग? कपडे वाळत घालतेय ना मी!"

"अगं, मला दिसतोय तो!" ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांचे रडू तिला एकदम फुटले. ताई चिमटा हातात घेऊन धावत आली, काय झाले ते न कळता हसू लागली, आणि धाकटीने रडता रडताच बटण दाबले. भावोजींना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "ते चाक होय! मला वाटलं, तुला माहीत असेल."

त्या आठवड्यातले फोटो बाईंनी दोनदा पाहिले. म्हणाल्या, "सोमवारपासून ये."

मी वाचलो, मित्रांनो, पण एका हेअरपिनमुळे वाचलो, आणि म्हणूनच माझा जीव अजून थाऱ्यावर नाही. त्या फळीवर अजून कितीतरी जण आहेत. तुम्ही कधी जुना कॅमेरा घ्यायला गेलात, तर चकाकीला भुलू नका. बॅटरी घालून फोटो काढून बघा, भिंग उजेडात धरून बघा, डोळ्याजवळचे चाक फिरवून बघा. आत धूसर दिसले तर लाजू नका, जाणत्या माणसाला विचारा. "असंच असतं" हे उत्तर देणाऱ्यावर चटकन विश्वास ठेवू नका. घेतलेला कॅमेरा ओलीत कोंबू नका. आणि आपली वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना, ती आजवर कुणाच्या नजरेला लावलेली होती, एवढे सांगून द्या. आम्हाला ते सांगता येत नाही.