लोंबती वायर

विद्यापीठाची समिती येणार म्हणून भोरच्या आमच्या कॉलेजात आठवडाभर साफसफाई चालली होती. कुंड्यांना गेरू लागला, ग्रंथालयातल्या काही पुस्तकांवरची धूळ इतर पुस्तकांवर गेली आणि प्राचार्य प्रद्युम्न सरांनी परिपत्रक काढलं: 'आवारात कुठेही काहीही लोंबता कामा नये.'

आवारातले एकशे दहा कॉम्प्युटर एकमेकांशी बोलते ठेवायचं काम सुलक्षणाचं. ती किकवीहून एसटीने येते. नेमणूक अकरा महिन्यांची. ती पुढे वाढणार की नाही, हे यंदा समितीच्या शेऱ्यावर होतं.

समिती आली, सुलक्षणाने ग्रंथालयाचा कॉम्प्युटर दाखवायला घेतला. तेवढ्यात सर 'शेवटची नजर टाकून येतो' म्हणून बाहेर गेले. ते परत येतायत तोच पडदा गोठला. ऑफिसातून फोन, प्रयोगशाळेतून फोन. सगळं नेटवर्क बंद.

"कधीपासून बंद आहे?" समितीच्या अध्यक्षा राजनंदिनी मॅडमनी विचारलं.

"आत्ताच, मॅडम."

"आम्ही जाऊ तिथे सगळं आत्ताच बंद पडतं."

सुलक्षणा जिन्याखालच्या खोलीकडे पळाली. आवारातल्या कॉम्प्युटरच्या वायरी तिथल्या 'स्विच' नावाच्या एका पेटीत येतात. मागोमाग समिती, तिच्या मागे सर. स्विचचे सगळे दिवे लग्नाच्या मांडवासारखे लुकलुकत होते. तपासणीसाठी तिने एकाच टोकाने जोडून ठेवलेल्या वायरीचं दुसरं, मोकळं टोकही कुणीतरी त्याच स्विचमध्ये खोचलं होतं. त्यामुळे निघालेला प्रत्येक निरोप फिरून तिथंच येत होता आणि पुन्हा निघत होता. सरकारी फाईलसारखा, फक्त वेगात.

झाडू घेऊन अंबूबाई दारातच उभ्या होत्या.

"अंबूबाई, हे कुणी खोचलं?"

"म्या न्हाई बाई. तुमी सांगितल्यापासनं म्या झाडूसुदिक लांबनं मारते."

"मग?"

अंबूबाईंनी छताकडे पाहिलं. "सायेब आले व्हते आत्ता. म्हनले, हे काय लोंबतंय? आन् दिलं रिकाम्या भोकात खोचून. लई नीट दिसाया लागलं."

सरांना अचानक खोकला आला.

सुलक्षणाने टोक उपसलं. दिवे शांत झाले. वरून कुणीतरी ओरडलं, "आलं, आलं!"

"हा काय प्रकार?" मॅडमनी विचारलं.

"सराव, मॅडम," सुलक्षणा म्हणाली. "सर मुद्दाम बिघाड करून ठेवतात. मला किती वेळात सापडतो ते बघायला. आज सहा मिनिटं लागली."

"हो हो," सरांचा खोकला थांबला. "मागच्या वेळी आठ लागली होती."

मॅडमनी आधी सरांकडे पाहिलं, मग अंबूबाईंकडे, आणि हसू दाबत लिहायला घेतलं. अहवालात दोनच ओळी आल्या: 'नेटवर्क सांभाळणाऱ्या बाईंना कायम करावे. जिन्याखालच्या खोलीस कुलूप लावावे.'

दोन्ही झालं. किल्ली सुलक्षणाने अंबूबाईंकडे दिली, त्यांनी ती कनवटीला खोचली. परवा सर खोली बघायला गेले होते.

"काय काम हाय?" अंबूबाईंनी विचारलं.

सर म्हणाले, "काही नाही, सहज," आणि कुंड्या बघायला निघून गेले.