पांढरी कमान

गावची पावभट्टी ‘वारसा’ झाली आणि झेलीमावशीची किल्ली गेली. पन्नास वर्षं ती तिच्या खिशात होती. आता ग्रामपंचायतीत, काचेच्या चौकटीत. खाली पाटी: ‘शेवटच्या भट्टीवालीची किल्ली’.

“शेवटची? अरे आन्सेल्म, मी धडधडीत जिवंत आहे!” ती सरपंचाला म्हणाली.

“मावशी, आदरानं लिहिलंय हो.”

“आदर घाल चुलीत. किल्ली दे. सेंट मार्टिनच्या सणाचा पाव मी एकदाही चुकवलेला नाही.”

“यंदा उद्घाटनाला मीच भाजणार. तुमची सगळी पद्धत लिहून घेतलीय ना!”

घेतली होती खरी. तिनंच मेल्याला कॉफी पाजून सांगितली होती: काटक्यांच्या मोळ्या पेटवायच्या, आतली कमान काजळीनं काळी होते, काजळी जळून ती पांढरी पडली की निखारे ओढायचे. ‘कमान पांढरी झाली की पाव आत’ हे तर त्यानं दगडात कोरून घेतलं.

पुढे वारसा समितीला आतली काळी कमान दिसली. अगं बाई, पाहुणे काय म्हणतील! मंडळींनी ती खरवडली आणि चुन्याचे दोन हात दिले.

उद्घाटनाला जिल्ह्याच्या साहेबीणबाई आल्या. चौकटीतून काढलेल्या किल्लीनं आन्सेल्मनं दार उघडलं, फोटोपुरत्या चार काटक्या जाळल्या, आत डोकावला. कमान पांढरीशुभ्र! पाव आत गेले. तासाभरानं काढले तर कोमट पिठाचे गोळे, वर चुन्याचे पोपडे. साहेबीणबाईंनी घास तोंडात घेतला आणि हसतहसत रुमाल शोधला.

झेलीमावशी समोरच्या कठड्यावर बसून सगळं बघत होती. तिला हसू आलं, आणि वाईटही वाटलं. तिच्या आईचीही हीच भट्टी.

आन्सेल्म धावत आला. “मावशी, लाज राखा!”

“मी कशी राखू बाबा? मी तर काचेत आहे.”

त्यानं किल्ली तिच्या हातात दिली. तिनं ती खिशात टाकली, बाह्या वर सारल्या आणि मोळ्यांवर मोळ्या पेटवल्या. नवा चुना बघताबघता काळा पडला. समिती कळवळली. पाहुणे केव्हाच गाडीत बसले होते. आन्सेल्मही हळूच निघाला.

“तू कुठे चाललास?” मावशीनं निखारे ओढायचा दांडा त्याच्या हातात कोंबला. “थांब इथं, कमान पांढरी होईपर्यंत. नीट बघून शीक. नाहीतर तुझी ती पाटी खरी ठरेल.”