बीपी उतरलं

उन्हानं ढेकळं दगडासारखी झाली होती. खुरप्या कांद्यातलं तण काढत होता, पण सगळं लक्ष रस्त्याकडं. मंगळवार होता, आणि मंगळवारी नर्सबाई यायच्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या या माणसाच्या हातातून खुरपं सुटायचं नाही, म्हणून गाव त्याला खुरप्या म्हणायचं. बायको गेली, पोरगा शहरात. आठवडाभर बैलाखेरीज बोलायला कोणी नाही.

चार महिन्यांपूर्वी त्याचं बीपी वाढलेलं निघालं, तेव्हापासून बाई दर आठवड्याला येत. त्या म्हणतील तसं त्यानं केलं. मीठ कमी केलं, तंबाखू सोडली, रोज मैलभर चालला. बाईंनी शाबासकी द्यावी, एवढाच त्यात स्वार्थ.

बाई आल्या. दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि हसल्या.

"आजोबा, एकदम नॉर्मल! जिंकलात तुम्ही. आता मी तीन महिन्यांनी येते."

करायला गेलं एक आणि झालं भलतंच. खुरप्याचा चेहरा पडला.

"मशीन बिघडलं असंल. पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"मग आजपासून मूठभर मीठ खातो."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"बाई, जगा म्हणालात, जगतोय. पण बोलायचं कुणाशी, ते नाही सांगितलंत."

बाईंनी दंडावरचा पट्टा सोडला. त्यांच्याकडं अशी चाळीस घरं होती. पट्टा गुंडाळत त्या म्हणाल्या, "शेजारचे गवंडी आजोबा आहेत ना, त्यांचं बीपी वाढलंय आणि माझं ऐकत नाहीत. त्यांना चालायला न्या."

"त्याला? अहो, बांधावरनं बारा वर्षं बोलणं बंद आहे आमचं! विळ्या-भोपळ्याचं सख्य."

"मग न बोलता न्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी खुरप्या गवंड्याच्या दारात उभा राहिला. पाय मागं फिरायला बघत होते, पण घरी तरी कोण वाट बघत होतं?

"चल, चालायला."

"तुझं तोंड बघायची इच्छा नाही मला."

"नको बघू. तू पुढं चाल, मी मागनं येतो."

गवंडी बराच वेळ उंबऱ्यात घुटमळला. मग काठी घेऊन निघाला. ओढ्यापर्यंत दोघं एकामागं एक गेले, चकार शब्द नाही. परतताना गवंड्यानं मान न वळवताच विचारलं,

"किती निघालं तुझं?"

"नॉर्मल."

"हॅ!" गवंडी ताठ झाला. "माझं एकशे ऐंशी आहे."