उताराचे गणित

मित्रांनो, तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मला फुकट घेतले, वापरले आणि वर माझ्याच नावाने खडे फोडले. म्हणून आज मीच बोलणार आहे. मी एक जुनी पुरवणी आहे. संगणकावरचे खेळ ज्या सांगाड्यावर बांधतात त्याला गेम इंजिन म्हणतात, आणि त्याला वरून जोडायचे ॲड-ऑन म्हणजे मी. माझे काम एकच: खेळातल्या माणसांचे पाय जमिनीवर नीट टेकवायचे. मी नसले की ती डोंगरावर चढताना हवेत तरंगतात, नाहीतर घोट्यापर्यंत मातीत रुततात.

मला दोन सख्ख्या जावांनी घडवले. थोरली प्रोग्रामर, धाकटी फिजिओथेरपिस्ट. दोघींची घरे एकाच मजल्यावर समोरासमोर, आणि जिन्याजवळच्या खोलीत दोघींची टेबले. सपाट जमिनीवरची चाल थोरलीने बसवली, पण उतार तिला काही केल्या जमेना. धाकटी दिवसभर लोकांचे आखडलेले गुडघे चालते करायची. प्रोग्रामिंग ती थोरलीकडूनच शिकली होती. तिने सासूबाईंना दवाखान्याच्या रॅम्पवरून वीस वेळा चालवले आणि मोबाईलवर टिपले. सासूबाई कुरकुरल्या, पण चालल्या. मग धाकटीने माझ्यात एक ओळ घातली. त्या ओळीत एक आकडा होता. त्या दुपारी पडद्यावरचा माणूस पहिल्यांदा माणसासारखा उतार उतरला आणि दोघी कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या.

पुढे एका प्रदर्शनात एका पत्रकाराने विचारले, ही चाल कोणी बसवली? थोरली म्हणाली, मी. धाकटी दोघींचा चहा घेऊन मागेच उभी होती. तिने दोन्ही कप टेबलावर ठेवले आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिचे टेबल खोलीतून हलले. सासरे मध्ये पडायला गेले, तर दोघींनी त्यांनाच झापले.

मी दोन वर्षे एका फोल्डरमध्ये पडून होते. मग थोरलीने मला सर्वांसाठी खुले करायचे ठरवले. तिने माझी साफसफाई केली, नमुन्याचा डोंगर तयार केला, वापरण्याच्या अटी लिहिल्या. आणि जिथे जिथे धाकटीचे नाव होते, तिथे तिथे ते पुसले. मला ते आवडले नाही, पण मला विचारतो कोण? माहितीपुस्तिका लिहिताना ती त्या आकड्यापाशी अडली. तो तिथे का आहे हे तिला ठाऊकच नव्हते. तिने लिहिले, ‘हा आकडा बदलू नये.’ बस, एवढेच.

पहिला आठवडा माझे कौतुक झाले. मग कोणीतरी खेळात लहान मूल घातले आणि त्याचे पाय जमिनीत गेले. हा आकडा कुठून आला, असे त्याने विचारले. थोरलीने ‘तुमची वापरण्याची पद्धत चुकली’ असे सांगून तक्रार बंद केली. तशा आणखी तीस आल्या. तुम्ही लिहिलेले शब्द मी इथे सांगत नाही. तुम्हाला ते आठवत असतील. चिडून तिने अंदाजाने आकडा बदलला, तर मोठी माणसेही रुतायला लागली.

आणि एका सकाळी तक्रारीखाली धाकटीचे उत्तर आले. माणूस उतारावर आधी गुडघा वाकवतो, मग टाच टेकवतो. किती आधी, ते तो आकडा सांगतो. पाय आखूड असेल तर आकडाही त्या मापात कमी करावा लागतो. शेवटी लिहिले होते, ‘नाव पुसल्याने गणित पुसणाऱ्याचे होत नाही.’

थोरलीने समोरचे दार वाजवले.

“घरातलं भांडण चव्हाट्यावर आणायची गरज होती का?”

“चव्हाट्यावर तुम्ही आणलंत, वहिनी. माझं गणित, तुमच्या नावाने.”

“प्रोग्रामिंग तुला मी शिकवलं.”

“शिकवलंत. आणि सासूबाईंना वीस वेळा कोणी चालवलं?”

थोरली म्हणाली, “हे सगळं मला पुस्तिकेत घालावं लागेल.”

“घाला. नावासकट घाला.” आणि दार लागले.

थोरलीने आधी धाकटीची ओळच काढून टाकली. नमुन्याच्या डोंगरावर माणूस सोडला. तो पाय ताठ ठेवून घसरगुंडीसारखा खाली गेला. तिने तो तीनदा सोडला, तीनदा तेच झाले. दात-ओठ खात तिने ओळ परत घातली, जुना आकडा परत बसवला. धाकटीचे स्पष्टीकरण शब्द न बदलता पुस्तिकेत उतरवले, खाली तिचे पूर्ण नाव लिहिले. आणि त्याखाली दोन वाक्ये: ‘आमचं बोलणं बंद आहे. गणित बरोबर आहे.’

धाकटीने ते वाचले. फोन केला नाही, दारही वाजवले नाही. आजही एकीची चाहूल लागली की दुसरी दाराआड थांबते. जिना मोकळा झाला की मगच बाहेर पडते. पण ती दोन वाक्ये कोणी पुसलेली नाहीत.

मित्रांनो, माझ्यावर माया करा असे मी म्हणत नाही. शिव्याही घाला हव्या तर. पण काही घडवाल तेव्हा कुठली गोष्ट का केली, ते त्याच दिवशी लिहून ठेवा, आणि कोणी केली तेही. ज्याच्याशी तुमचे मुळीच पटत नाही, त्याचे नाव तर सर्वांत आधी लिहा. कारण सर्वांत आधी तेच पुसावेसे वाटते.