कुणी सांगायचं नाही

बागेला पाणी घालणाऱ्या गुंडूनं नळीनंच दाखवलं. तोंडानं तो काही बोलला नाही, हे खरं; पण हातातली नळी त्यानं सिमेंटच्या हत्तीकडं अशी काही वळवली की हत्तीच्या पोटाखाली ठेवलेलं पत्र्याचं डबडं धुऊन निघालं आणि तालमीला जमवलेली चारही पोरं "घावलं, घावलं" करत तिकडं धावली. डबड्यातल्या चिठ्ठीचा लगदा झाला होता. लाकडी किल्ल्याच्या बुरुजावरून जरीना मुजावर हे सगळं बघत होती. तिनं शिट्टी फुंकली आणि त्या सकाळी पुन्हा एकदा खेळ थांबवला.

"मी बोललो न्हाय हां बाई," गुंडूनं तिनं काही विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

बालनगरीचं उद्घाटन येत्या रविवारी होतं. कसबा बावड्याच्या वाटेवर, उसाच्या मळ्यांना लागून एका मंडळानं पोरांसाठी ही बाग उठवली होती. छोटी आगगाडी, आरसेमहाल, लाकडी किल्ला, सिमेंटचे प्राणी. अठ्ठ्याहत्तर सालात आसपासच्या गावांतल्या पोरांनी असलं काही बघितलं नव्हतं. पण नुसतं बघण्यात पोर किती वेळ रमणार? म्हणून जरीनानं खजिन्याचा खेळ बसवायला घेतला होता. पोरांच्या टोळ्या करायच्या, हाताला रंगीत फीत बांधायची आणि पहिलं कोडं द्यायचं. कोडं सुटलं की जागा कळणार, त्या जागी पुढचं कोडं असणार, आणि सगळ्यात शेवटी खजिना. पुण्याच्या एका शिबिरात तिनं हा खेळ बघितला होता. तिथं पोरं डोकं खाजवत हिंडत होती आणि मोठी माणसं मूग गिळून बसली होती. इथं मूग गिळणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं.

कोल्हापुरात पत्ता विचारावा आणि नुसता पत्ता मिळावा, असं सहसा होत नाही. सांगणारा पायात चपला अडकवून बरोबर निघतो, दारापर्यंत पोचवतो आणि बाहेरूनच घरच्यांना हाळी देऊन पावणं आल्याचंही सांगून टाकतो. एरवी जरीनाला या गोष्टीचा अभिमान होता. गडहिंग्लजहून ती पहिल्यांदा इथं आली, तेव्हा अशाच एका अनोळखी बाईनं तिची ट्रंक डोक्यावर घेऊन तिला खोलीपर्यंत आणून सोडलं होतं. पण गेल्या आठवड्यात या चांगुलपणानं तिला अगदी रडकुंडीला आणलं होतं. छोट्या गाडीवर लालासाब होते. 'पोट माझं पोरांनी भरतं, शिट्टी वाजली की पळत सुटतं' हे कोडं पोरांनी पुरतं वाचून व्हायच्या आत ते गाडीची शिट्टी वाजवायचे, आणि विचारलं तर म्हणायचे, बेटी, शिट्टी चालते का बघत होतो. 

सगळ्यांवर कडी बयाबाईची. आरसेमहालाची झाडलोट आणि राखण तिच्याकडं होती. 'एकटा गेला, दहा झाले, बाहेर येता एकच उरले' हे कोडं हातात घेऊन पोरं भांबावलेली दिसली की ती दारातून उठायची, त्यातल्या सगळ्यात लहानाच्या हाताला धरायची आणि सरळ आत नेऊन डबीसमोर उभं करायची. जरीनानं समजावून झालं, रागावून झालं, हात जोडून झाले. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि दिवस थोडेच उरले होते. मंडळाचे अध्यक्ष गणपतराव यांना हा खेळ मुळातच पटलेला नव्हता. एक पाळणेवाला ठेकेदार त्यांच्याकडं खेपा घालत होता. त्याला जागा दिली की पाळणे, रिंगा, नेमबाजी आणि दिवसभर कर्ण्यावर गाणी, बाकी डोक्याला ताप नाही. त्यांनी जरीनाला स्वच्छ सांगितलं होतं. रविवारी मुंबईचे पाहुणे येणार, त्यांच्यासमोर खेळ जमला तर बाई कायम. नाही जमला तर मैदान पाळणेवाल्याचं आणि बाईंना नमस्कार. नमस्कार म्हणजे गडहिंग्लजला परत जाणं. भाऊ मीरासाब वाईट नव्हता, जीव लावणारा होता; पण त्याच्या शिलाईच्या दुकानामागच्या खोलीत बसून काजं करत आयुष्य काढायचं, या विचारानंच तिचा श्वास कोंडायचा. तिला ही नोकरी हवी होती. इतकी हवी होती की रात्री झोपेत ती कोडी बडबडायची, असं शेजारीण म्हणत असे.

गुरुवारच्या तालमीत तर हद्द झाली. कॉलनीतल्या एका टोळीच्या म्होरक्यानं हातातली फीत सोडून खिशात टाकली, डोळ्यांना थुंकी लावली आणि बयाबाईसमोर जाऊन गळा काढला. म्हणाला, आय दिसंना माझी. बयाबाईनं त्याला पोटाशी धरलं, पदरानं तोंड पुसलं, गूळ दिला. उगी कर, तवर ह्यातलं बघ म्हणून डबीही त्याच्या हातात दिली. पोरानं चिठ्ठी काढून घेतली आणि दात विचकत पळ काढला.

जरीनाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं सगळ्यांना गाडीच्या फलाटावर बोलावलं. रविवारी कुणीही, काहीही सांगायचं नाही. तोंडानं नाही, हातानं नाही, डोळ्यानंही नाही. पोरांनी विचारलं तर ओठांवर बोट ठेवायचं. पाया पडली तरी, रडली तरी.

"आणि आई हरवली म्हणाली तरी," ती बयाबाईकडं बघत म्हणाली.

बयाबाई खाली बघत पायाच्या अंगठ्यानं फलाटाची फरशी घासत होती.

"बाई, लेकरानं वाट इचारली आणि ठावं असून सांगितली न्हाय, असं आमच्यात कुणी करत न्हाय."

"एका दिवसाचा प्रश्न आहे बयाबाई. माझ्या पोटाचा प्रश्न आहे."

पोटाचं नाव निघालं आणि सगळी नरमली. लालासाबनी आपल्या कानाच्या पाळीला हात लावून कबूल केलं. गुंडू म्हणाला, नळी घरीच ठेवून येतो. बयाबाईला मात्र जरीनानं तेवढ्यावर सोडलं नाही. अंबाबाईची शपथ घ्यायला लावली. शपथ घेताना म्हातारीचा आवाज इतका बारीक झाला की जरीनाला क्षणभर वाईट वाटलं. पण वाईट वाटून घेत बसायला तिला सवड नव्हती.

रविवारी माणूस लोटलं. बावड्यातली होती, शहरातली होती, गडहिंग्लज-चंदगडाकडून एस.टी.नं पोराबाळांना घेऊन आलेली होती. पाहुण्यांनी फीत कापली, जरीनानं शिट्टी फुंकली आणि टोळ्या सुटल्या.

आणि खेळ जमला. तिचा स्वतःचा विश्वास बसेना. पोरं कोडी मोठ्यानं वाचत होती, आपसात भांडत होती, किल्ल्यावर चढून बागेकडं बघत होती. गुंडूला घेरून त्यांनी त्याच्या सदऱ्याला लोंबकळून बघितलं. गुंडू ओठांवर बोट ठेवून खांबासारखा उभा. लालासाबनी तर गाडीच्या शिट्टीला फडकं गुंडाळून ठेवलं होतं. फिरायला आलेली माणसंही हे बघून सामील झाली. फुटाणेवाला, बंदोबस्तावरचा हवालदार, गॉगल घातलेले कॉलेजचे पोरगे, ज्याला विचारावं तो हसून ओठांवर बोट ठेवत होता. हिरव्या फितीच्या एका मुलीनं आगगाडीचं कोडं स्वतःच्या डोक्यानं सोडवलं, तेव्हा तिच्या तोंडावर जो उजेड पडला तो बघून जरीनाचे डोळे भरून आले. याचसाठी तर एवढी मरमर केली होती. पाहुणे गणपतरावांना काहीतरी विचारत होते आणि गणपतराव मान डोलवत होते.

ती पाहुण्यांना किल्ल्याकडं घेऊन निघाली होती, तेवढ्यात कुणीतरी तिचा पदर ओढला. पिवळ्या झग्यातली पाच-सहा वर्षांची एक पोर होती. हाताला फीत नव्हती. तोंड रडून सुजलेलं.

"माझी आई कुठं हाय, सांगा की."

फीत सोडून ठेवण्याची युक्ती आता लहानांपर्यंत पोचली तर. रडण्यात गुरुवारच्या त्या पोरापेक्षा ही अगदी कच्ची आहे, असंही जरीनाच्या मनात येऊन गेलं. पाहुणे कौतुकानं बघत होते. तिनं पोरीच्या गालाला हात लावला, हसली आणि ओठांवर बोट ठेवलं. पोर थोडा वेळ तिच्या बोटाकडं बघत राहिली, मग गर्दीत निघून गेली.

खेळ संपला. खजिना हिरव्या फितीवाल्यांनी काढला. पोरं, पालक, पाहुणे सगळे मंडपासमोर जमले. गणपतरावांनी जरीनाला बाजूला घेऊन सांगितलं, पाहुणे खूश आहेत, तुमचं कायमचं आत्ताच, सगळ्यांसमोर जाहीर करून टाकतो. तुम्ही नुसतं स्टेजवर येऊन नमस्कार करा. मंडपाच्या मागं जाऊन तिनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. मीरासाबला आज रात्रीच पत्र टाकायचं, असं ती ठरवत होती.

तांब्या खाली ठेवला, तर समोर बयाबाई उभी होती. तिच्या हाताला धरून ती पिवळ्या झग्यातली पोर.

आरसेमहाल उघडा टाकून ही इथं कशी आली, म्हणून जरीनाच्या कपाळाला आठी पडली. बयाबाईनं ओठांवर बोट ठेवलं होतं. ते बोट तिनं काढलं नाही. नुसती मान उडवून विचारलं, संपलं का?

"संपला खेळ, बयाबाई. बोला आता."

"नक्की बोलू? शपथ सुटली?"

"सुटली."

बयाबाईनं बोट काढलं. मोठा श्वास घेतला.

"हिची आई सापडंना झालीय. मघाधरनं हिंडतीय पोर. गुंडूला इचारलं, लालासाबला इचारलं, हवालदाराला इचारलं. मला इचारलं. मीबी बोट ठेवलं बाई." तिनं पोरीला जवळ ओढलं. "मग बसली माझ्या दारात. आरशात सगळीकडं तीच दिसाय लागली रडताना. मला काय बघवंना. बोलले न्हाय मी. नुसती हाताला धरून आणली."

तुम्हालाही विचारलं होतं, असं ती म्हणाली नाही. तिला ते ठाऊक नसावं, किंवा असावंही. पोर मात्र जरीनाकडं बघत होती आणि तिनं ओळखलं होतं.

जरीना खाली बसली. पोरीचे हात हातात घेतले; ते गार पडले होते. नाव विचारलं. गाव विचारलं. कुणाबरोबर आलीस, ते विचारलं. पोरीनं ओठ घट्ट मिटून घेतले होते. बयाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, ह्या आपल्याच बाई हायत म्हणाली, तरी ती बोलेना. जरीनाला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटली.

स्टेजवर गणपतरावांनी माइक हातात घेतला होता. अख्ख्या कोल्हापूरची तोंडं बंद करून दाखवणाऱ्या आपल्या जरीनाबाई, असं ते म्हणत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. ती पोरीला कडेवर घेऊन पायऱ्या चढली, तशा टाळ्या वाढल्या. बक्षीस मिळालेल्यांपैकीच एखादी असणार, असं लोकांना वाटलं. तिनं गणपतरावांच्या कानाशी सांगितलं.

गणपतरावांनी माइक तळहातानं झाकला. "बाई, दोन मिनिटं. पाहुण्यांचं भाषण होऊ दे, तुमची घोषणा होऊ दे, मग पुकारू की सावकाश. आत्ता पाहुण्यांसमोर पोर हरवल्याचं सांगून आपणच आपलं नाक कापायचं का?"

ते रास्तच बोलत होते, त्यांच्या परीनं. दोन मिनिटांनी काही बिघडणार नव्हतं. बिघडायचं ते आधीच बिघडलं होतं. आणि ती दोन मिनिटं झाली की जरीनाला गडहिंग्लजला परत जावं लागणार नव्हतं. तिनं पाहुण्यांकडं बघितलं. खाली पहिल्या रांगेत हिरव्या फितीवाली मुलगी बक्षिसाची वाट बघत उभी होती.

जरीनानं गणपतरावांच्या हातातला माइक घेतला. गणपतरावांची बोटं निघेनात, तेव्हा जरा ओढूनच घेतला.

"ही मुलगी हरवली आहे," ती म्हणाली. "तासभर ती तुम्हा सगळ्यांना विचारत हिंडली. तुम्ही गप्प बसलात, कारण मी तुम्हाला गप्प बसवलं होतं. मलाही तिनं विचारलं." तिनं माइक पोरीच्या तोंडाशी नेला. "बाळ, तुझं नाव सांग. आईला ऐकू जाईल."

पोरीनं माइककडं बघितलं. मग समोरच्या एवढ्या माणसांकडं, आणि मग जरीनाच्या तोंडाकडं.

"सांगितलं तर चालतंय?" तिनं विचारलं.

ते चारही कर्ण्यांतून बागभर ऐकू गेलं. फुटाणेवाल्यानं पुडी बांधता बांधता हात थांबवला. कुणी कुणाकडं बघेना. मग मागून, गाडीच्या फलाटावरून लालासाबचा आवाज आला, सांग की बेटी. गुंडूनं हत्तीच्या पाठीवर चढून तेच सांगितलं. हवालदारानं सांगितलं. मग बायका, बाप्ये, फितीवाली पोरं सगळी एकदम ओरडायला लागली, सांग की, सांग की, आणि एवढा गलका उठला की पोरीनं सांगितलेलं नाव कुणालाच ऐकू गेलं नाही. जरीनाला तिच्या तोंडाशी कान नेऊन ते पुन्हा विचारावं लागलं.